चर्च सुटलं, पण देव हवा आहे: आता प्रार्थना कुणाची करायची?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही मूळचे पुण्याचे, नोकरीमुळे अमेरिकेतल्या युटा राज्यात, लीहायला स्थायिक झालात. तुमच्या पत्नी युटा काउंटीतल्याच, कित्येक पिढ्यांच्या मॉर्मन, म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी काढलेला ख्रिस्ती पंथ मानणाऱ्या, घराण्यातल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पत्र पाठवून चर्चच्या नोंदीतून आपलं नाव काढून घेतलं. सुरुवातीला त्यांना फार मोकळं वाटलं. आता त्यांना रात्री झोप येत नाही. त्या म्हणतात, "चर्च मला नकोच होतं, ते गेलं. पण जाताना देवालाही घेऊन गेलं, आणि तो मला हवा आहे." प्रार्थनेला बसलं की पहिल्याच वाक्याला त्यांच्या कानात बिशपचा आवाज येतो. तुम्ही त्यांना साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात नेलंत, नंतर दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन ये म्हणालात. दोन्ही वेळा त्या चिडल्या. मुलगी वसंतात आठ वर्षांची होईल आणि सासूबाई बाप्तिस्म्याची तारीख विचारताहेत. यातून पत्नीला स्वतःची अशी श्रद्धा सापडेल का, आणि तुम्ही काय करावं, हा तुमचा प्रश्न.

मी सॉल्ट लेक सिटीत समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत या चर्चमधून बाहेर पडलेल्यांचा भरणा मोठा आहे, आणि त्यांच्या मराठी, गुजराती, तेलुगू जोडीदारांचाही. मी स्वतः त्या चर्चची सदस्य कधीच नव्हते. जे सांगते आहे ते या लोकांसोबत बसून समजलेलं आहे. उदाहरणं देईन त्यांतले तपशील ओळख पटणार नाही असे बदलले आहेत. (२०१८पासून या चर्चचा आग्रह आहे की 'मॉर्मन' न म्हणता 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव घ्यावं. तुम्ही जो शब्द वापरलात तोच मी सोयीसाठी ठेवते.)

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. पत्नीची श्रद्धा आटली आहे असं तुम्ही धरून चाललात, म्हणून तुम्ही नवी श्रद्धा आणून द्यायला धडपडताय. मला वाटतं, ज्या बाईला देवाची इतकी आठवण येते तिची श्रद्धा शाबूत आहे. मोडला आहे तो स्वतःच्या आतल्या जाणिवेवरचा भरवसा. "मला जे आतून वाटतं ते खरं कशावरून? एकदा फसले, परत फसणार नाही कशावरून?" त्यांना जागं ठेवणारा प्रश्न बहुधा हा आहे. तो सुटेपर्यंत गणपती, येशू, ध्यान, काहीही समोर ठेवलंत तरी त्यांचा हात पुढे होणार नाही.

हे समजायला त्यांनी लहानपणापासून काय पाहिलं ते डोळ्यांपुढे आणा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि त्या दिवशीच्या सभेत ज्याला वाटेल तो पुढे जाऊन साक्ष देतो. प्रार्थनेचा पाव आणि पाण्याचे इवलेसे कप फिरवून झालेले असतात. मग चार-पाच वर्षांचं एखादं मूल लहान स्टुलावर चढतं. मागे आई वाकून कानात सांगते आणि मूल माइकमध्ये म्हणतं: मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे. मला ठाऊक आहे की जोसेफ स्मिथ प्रेषित होते. माझं आईबाबांवर प्रेम आहे. येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन. सगळी सभा कौतुकाने हसते. तुमच्या पत्नीही त्या स्टुलावर उभ्या राहिल्या असतील. तिथे 'मला वाटतं', 'माझा विश्वास आहे' एवढ्याने भागत नाही. ठाऊक असावं लागतं, आणि आईवरचं प्रेम व चर्चचं खरेपण एकाच दमात म्हणायचं असतं.

थोडं मोठं झालं की पुढचा धडा येतो. 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात वचन दिलं आहे: हे खरं आहे का ते प्रामाणिक मनाने देवाला विचार, पवित्र आत्मा तुला सत्य दाखवील. मुलं गुडघे टेकून विचारतात. छातीत ऊब दाटली, डोळ्यांत पाणी आलं, की त्याचा अर्थ तयार असतो: ग्रंथ खरा, म्हणून जोसेफ स्मिथ खरे, म्हणून १८३०मध्ये त्यांनी स्थापन केलेलं चर्च खरं, म्हणून आज गादीवर असलेले अध्यक्षही प्रेषितच. काहीच वाटलं नाही तर? तर मन पुरेसं प्रामाणिक नव्हतं, परत विचार. चर्च खरं नसेल असं उत्तर या पद्धतीत येऊच शकत नाही.

माझं सगळं काम इथे सुरू होतं. छातीतली ती ऊब मुलीची स्वतःची होती. तिचा अर्थ मात्र दुसऱ्यांनी लावला. ही दोन्ही इतकी घट्ट बांधलेली असतात की अर्थ खोटा निघाला त्या दिवशी माणूस अनुभवही फेकून देतो. मग प्रार्थना करताना थोडं जरी शांत वाटलं तरी दचकतो: हीच ती ऊब, हिनेच मला फसवलं होतं.

माझ्याकडे एक बाई येत असत. सोळाव्या वर्षी मुलींच्या शिबिरात, उइंटाच्या डोंगरात, रात्री शेकोटीपाशी त्यांना असा जबरदस्त अनुभव आला होता आणि चर्च सोडल्यावर त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत होती. मी त्यांना कागदाच्या मधोमध रेघ मारायला सांगितलं. डावीकडे त्या रात्री काय घडलं तेवढंच लिहायचं, उजवीकडे त्याचा अर्थ काय आणि तो कुणी सांगितला. डावीकडे आलं: कडाक्याची थंडी, देवदाराच्या धुराचा वास, मैत्रिणीने धरलेला हात, कधी नव्हे इतके तारे, छाती भरून येणं, रडू, आणि 'आपण एकटे नाही' असं वाटणं. उजवीकडे एकच ओळ: "हा आत्मा साक्ष देतो आहे की चर्च खरं आहे" (शिबिरप्रमुख). त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डावीकडचं सगळं माझंच आहे की." त्यांची श्रद्धा त्या क्षणी परत आली असं मी म्हणणार नाही. पण रडणारी ती सोळा वर्षांची मुलगी मूर्ख नव्हती, एवढं त्यांना पटलं. पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

तुमच्या पत्नीला हे जमेल का, कधी जमेल, हे त्या का बाहेर पडल्या यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. काही जण इतिहास वाचून निघतात. २०१३ ते २०१५ या काळात चर्चनेच आपल्या संकेतस्थळावर काही निबंध टाकले. जोसेफ स्मिथ यांनी अनेक स्त्रियांशी लग्नं केली आणि त्यांतली एक मुलगी पंधराचीही झालेली नव्हती, हे अनेकांनी तिथे पहिल्यांदा वाचलं. 'शत्रूंचा अपप्रचार' म्हणून लहानपणी जे ऐकू दिलं नव्हतं ते घरच्याच अंगणात सापडलं. अशा माणसांचा राग फसवणुकीवर असतो. काही जण धोरणांमुळे निघतात. नोव्हेंबर २०१५मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्यावर बंदी आली आणि एप्रिल २०१९मध्ये ती मागेही घेतली गेली. साडेतीन वर्षांत देवाचं मत बदललं का, हा प्रश्न तेव्हा अनेकांना छळत होता. आणि काही जण कुणीतरी दुखावल्यामुळे, कधी अत्याचार झाल्यामुळे निघतात. पहिल्या दोन प्रकारांत देवापर्यंतची वाट पुष्कळदा मोकळी राहते. तिसऱ्यात आधी जखम बघावी लागते, श्रद्धेचं बोलणं फार नंतर. हे त्यांना विचारा, पण उलटतपासणी करू नका. सांगावंसं वाटलं तर सांगतील.

आता बिशपचा आवाज. यात विचित्र काही नाही आणि वेडाचं तर अजिबातच नाही. त्यांच्याकडे बिशप म्हणजे पगारी धर्मगुरू नसतो, शेजारचाच कुणी दंतवैद्य किंवा शिक्षक काही वर्षं ते पद सांभाळतो. बाराव्या वर्षाच्या आसपास मुलं त्याच्यासमोर एकेकटी बसू लागतात आणि पात्रतेची मुलाखत देतात. मोठं झाल्यावर मंदिरात (रविवारच्या चर्चहून वेगळी, खास विधींची वास्तू) जायचा परवाना हवा असेल तर दर दोन वर्षांनी पुन्हा तेच: उत्पन्नाचा दहावा हिस्सा देता का, चहा-कॉफी-दारू-तंबाखू टाळता का, चारित्र्य शुद्ध आहे का, चर्चच्या नेत्यांना मानता का. इतकी वर्षं देवाच्या दारात उभं राहायचं म्हणजे आधी या खुर्चीत बसायचं, असा क्रम अंगात मुरलेला आहे. डोळे मिटले की खुर्ची समोर येते.

म्हणून मी लोकांना प्रार्थनेची बैठकच बदलायला सांगते. मॉर्मन घरात प्रार्थना करताना हात छातीशी घडी घालून, मान खाली, डोळे मिटून बसतात. सुरुवात स्वर्गीय पित्याला हाक मारून, मग आभार, मग मागणं, शेवट येशूच्या नावाने. भाषाही जुन्या बायबलसारखी. यातलं काहीच करायचं नाही. डोळे उघडे, हात मोकळे, शक्यतो चालता चालता, रोजच्या बोलण्यात, मोठ्याने. सुरुवातीची हाक नाही आणि शेवटचं आमेन नाही. तुम्ही राहता तिथून टिंपानोगस डोंगर समोर दिसतो, युटा सरोवराचा काठ जवळ आहे. जागेची वानवा नाही. पहिले काही महिने क्षमा मागायची नाही आणि काही मागायचंही नाही. नुसतं सांगायचं: आज हे पाहिलं, याची भीती वाटली, हे आवडलं. कुणाला सांगतोय ती जागा रिकामी ठेवायची. बिशप मध्ये बोललाच तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. 'हा मुलाखतीतला प्रश्न आहे' एवढं मनात म्हणून पुढे चालत राहायचं.

लोक मला विचारतात, पलीकडे कुणी ऐकणारा नसेल तर हे कशाला? माझं उत्तर असं की, ते आज ठरवायची गरज नाही. आधी ठरवायचं आणि मग बोलायचं, हा क्रम त्या चर्चने शिकवला. आई बाळाशी बोलते तेव्हा बाळाला किती कळतं याचा निकाल लागायची ती वाट बघत नाही.

यावरून गणेश मंदिरात काय झालं याचा अंदाज येईल. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुम्ही प्रेमानेच नेलंत, पण त्यांच्या वाट्याला काय आलं बघा: चपला इथे काढ, इथे उभी राहा, प्रसाद उजव्या हातात घे. मॉर्मन मंदिरात पांढरे कपडे घालून प्रत्येक हालचाल ठरल्यासारखी करावी लागते, आतून घालायचे पवित्र कपडेसुद्धा ठरलेले असतात. (त्या मंदिरात त्या किती गेल्या होत्या मला माहीत नाही. तुमचं लग्न तिथे झालेलं नाही हे मात्र नक्की, कारण सदस्य नसलेल्याला आत जाता येत नाही. म्हणजे त्यांनी आईचं मन त्याच दिवशी पहिल्यांदा मोडलं होतं. तुमच्यासाठी त्यांनी काय सोडलं हे विसरू नका.) विपश्यनेचंही तसंच. इगतपुरीला जाऊन आलेल्या अनेकांना तिचा फायदा झालेला मी पाहिला आहे. पण दहा दिवस बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरलेलं वेळापत्रक, आणि मनात आलेलं शिक्षकांखेरीज कुणाजवळ बोलायचं नाही. ज्या व्यक्तीची झोप उडालेली आहे आणि जिला 'माझ्यातच काहीतरी खोट आहे' असं वाटायची सवय आहे, तिला मी आत्ता ते सुचवणार नाही. पुढे स्वतःहून जावंसं वाटलं तर जरूर जावं.

मग तुमच्याकडचं काहीच दाखवू नये का? तुम्ही संध्याकाळी दिवा लावत असाल तर लावा. स्वतःसाठी लावा, तिला बोलवू नका, 'बघ किती शांत वाटतं' म्हणू नका. माझ्या अनुभवात जोडीदाराची मुकाट, मागणं नसलेली उपासना या लोकांना फार आधार देते, कारण धर्म आहे आणि भरती मोहीम नाही असं त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. त्यांच्या ओळखीतले बहुतेक मुलगे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षांच्या मिशनवर दारोदार फिरून आलेले असतात.

सांगायचीच असेल तर आपल्याकडची एक हकीकत सांगा, आणि तीही त्यांनी विचारलं तर. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) शास्त्राध्ययनात वाढलेल्या, संस्कृत पुराणं सांगत देशभर फिरलेल्या. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथल्या चर्चच्या मंडळींनी, त्यांच्यावर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांनीसुद्धा, आम्ही सांगू तो सिद्धांत जसाच्या तसा मान असा आग्रह धरला. रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही. हे लिहिताना त्या परक्या देशात, लहान मुलीला घेऊन, त्याच लोकांच्या आधाराने राहत होत्या. पुढे आपल्या आयुष्याबद्दल लिहिताना त्यांनी सांगितलं की, बाप्तिस्मा झाला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला असं त्यांना साधारण आठ वर्षांनी वाटलं. इतक्या बुद्धीच्या, इतक्या धैर्याच्या बाईला आठ वर्षं लागली, आणि त्या वर्षांत त्यांनी शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं, हात रिकामे ठेवले नाहीत. तुमच्या पत्नीची दोनच वर्षं झाली आहेत.

हात रिकामे न ठेवण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेर पडताना लोक सगळंच टाकून देतात आणि मग घर भकास वाटतं. मी त्यांना विचारते, यातलं तुमचं काय होतं? उपासाच्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायची चाल आहे. एका गृहस्थांनी ती चालू ठेवली, पैसे आता थेट गावातल्या अन्नपेढीला देतात, आणि महिन्यातल्या त्या एका दिवशी आपण सगळ्यात जास्त धार्मिक असतो असं म्हणतात. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवायची पद्धत, कुणी आजारी पडलं की न विचारता डबा नेऊन देणं, रोजनिशी लिहिणं, लहानपणची स्तोत्रं: यांवर कुणाचा मालकीहक्क नाही. स्वयंपाक करताना तुमच्या पत्नी एखादं स्तोत्र गुणगुणताना ऐकू आल्या तर आश्चर्य दाखवू नका. त्या परत निघाल्या असा त्याचा अर्थ नाही.

आणि देवाचं रूप? ते कुणाचं कुठे जाऊन ठरेल सांगता येत नाही. २०१४च्या प्यू संशोधन संस्थेच्या पाहणीत असं दिसलं की मॉर्मन घरात वाढलेल्या शंभरांतले सुमारे ६४ प्रौढ तिथेच राहिले होते, आणि जे निघाले त्यांतले निम्म्याहून अधिक कुठल्याच धर्मसंस्थेचे उरले नव्हते. पण संस्था नाही म्हणजे श्रद्धा नाही, असं माझ्या खोलीत बसणाऱ्यांकडे पाहून मला म्हणवत नाही. काहींच्या मनात येशू तसाच राहतो, फक्त मधली माणसं जातात. काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मूक बैठकीतली शांतता मानवते. तिथे कुणी प्रवचन देत नाही, ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो बोलतो, नाहीतर सगळे गप्प बसून उठतात. काही स्त्रियांना स्वर्गीय माता सापडते. ही शिकवण मॉर्मन धर्मात आहेच, देव पिता आहे तशी माताही आहे. पण तिची प्रार्थना करणं अयोग्य आहे असं गॉर्डन हिंकली या वरिष्ठ नेत्यांनी १९९१मध्ये जाहीरपणे सांगितलं. लहानपणी जिचं नाव घेऊ दिलं नाही तिच्याशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलताना बायका हमसून रडलेल्या मी पाहिल्या आहेत. विठाई माउली म्हणत वाढलेल्या आपल्याला ते लगेच भिडतं, आणि म्हणूनच तुम्ही लगेच पंढरपूर काढाल अशी मला भीती वाटते. काढू नका. आणि काहींना देव उरतच नाही, तरी कृतज्ञता उरते, आणि ते तिच्यावर चांगलं जगतात. मी यांच्यात उच्चनीच लावत नाही. तुम्हीही लावू नका, कारण त्या आज एका ठिकाणी असतील आणि दोन वर्षांनी दुसऱ्या.

एकाच गोष्टीपासून मी सावध करते: पुन्हा सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारा कुणीतरी शोधणं. मोकळी झालेली जागा इतकी टोचते की आहारगुरू, साखळी पद्धतीने माल विकणारे, राजकीय पंथ, कुणीही ती भरून काढतं. ज्याला प्रश्न विचारला की आपल्यालाच अपराधी वाटतं, तो माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्यापासून लांब राहावं. हे त्यांना माझ्याहून लवकर ओळखता येईल, त्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे.

मुलीच्या बाप्तिस्म्याचं मात्र थांबवून चालणार नाही. आठव्या वर्षी मूल स्वतः निवड करण्याइतकं मोठं होतं अशी त्यांची शिकवण आहे, म्हणून तो वाढदिवस आजी-आजोबांसाठी फार मोठा असतो. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा पालकांच्या परवानगीशिवाय होत नाही, तेव्हा तुमच्या नकळत काही होईल ही धास्ती ठेवू नका. पण वाढदिवस आला की बघू म्हणून ढकलूही नका. दोघांनी बसून आधी ठरवा, आणि सासूबाईंना पत्नीने स्वतः सांगावं, तुम्ही बाजूला बसा. तुम्ही सांगितलंत तर परक्या धर्माच्या जावयाने नात तोडली, अशी त्याची गोष्ट होईल आणि पत्नीचा निर्णय पुसला जाईल. सांगणं आखूड असावं: "आम्ही आत्ता बाप्तिस्मा करणार नाही. ती मोठी झाली की तिचं ती ठरवेल. तू तिची आजी आहेस आणि त्या दिवशी तू आम्हाला हवी आहेस." इतिहासाचे पुरावे, निबंध, वाद यांतलं काहीही त्या वेळी काढायचं नाही.

सासूबाई कठोर वागल्या तर त्यांचं दुःखही समजून घ्या. कुटुंब मंदिरात अनंतकाळासाठी बांधलं जातं असं त्या मानतात. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वर्गातल्या जेवणाच्या टेबलाशी लेकीची खुर्ची रिकामी आहे, आणि आता नातीचीही. तुम्हाला ते खरं वाटत नसलं तरी त्या रात्री रडतात ते खरं आहे. वाढदिवसाला आजीला काहीतरी काम द्या: केक, पणजीची गोष्ट सांगणं, पिढ्यांपासून चालत आलेली गोधडी नातीच्या हातात देणं. १८४७मध्ये हातात काही नसताना सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरलेल्या मॉर्मनांची ती नात आहे, आणि तो वारसा तिला बाप्तिस्म्याशिवायही मिळू शकतो.

झोपेबद्दल जरा काळजीने लिहिते. धर्म सोडल्यावर काही महिने अस्वस्थता, राग, रडू हे होतंच. पण त्या एकच पाप मनात घोळवत राहत असतील, तीच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून परत परत म्हणत असतील, किंवा नरकाच्या भीतीने घाबरून उठत असतील, तर तो धार्मिक रूपातला मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि तिथे माझ्या वरच्या प्रार्थनेच्या सूचना लागू करू नका, आधी तज्ज्ञाला भेटा. युटात अनेक समुपदेशक स्वतः चर्चचे सदस्य आहेत. त्यांतले कित्येक उत्तम आहेत, तरी पहिल्याच फोनवर विचारा: चर्च सोडलेल्या लोकांसोबत काम केलं आहे का, आणि तिने परत जावं असं तुम्हाला मनातून वाटतं का? याचं सरळ उत्तर न देणाऱ्याकडे जाऊ नका. जगायची इच्छा नाही असं त्या कधी बोलल्या तर थांबू नका, ९८८ला फोन करा. अमेरिकेत कुठूनही, कुठल्याही वेळी तो लागतो.

तुमच्यासाठी शेवटचं. रविवार सकाळ त्यांना सगळ्यात जड जात असेल. आयुष्यभर ती वेळ भरलेली होती, गल्लीतल्या गाड्या अजूनही त्याच वेळी निघतात. त्या वेळी घरी असा. चहा करा (त्यांच्यासाठी तोसुद्धा कधीकाळी वर्ज्य होता), त्यांना बाहेर पडावंसं वाटलं तर सोबत जा, आणि देवाचा विषय त्यांनी काढला तरच बोला. आणि हा प्रश्न इथे विचारल्याचं त्यांना माहीत नसेल तर आज सांगा, उत्तर हवं असेल तर वाचून दाखवा. त्यांच्या वॉर्डात, म्हणजे स्थानिक मंडळीत, कोण डगमगतंय यावर पुढारी मंडळी बैठकीत चर्चा करत आणि ज्याच्याबद्दल बोलणं चालू आहे तो तिथे नसे. तुमच्याकडून तरी ते त्यांच्या पाठीमागे होऊ नये.